पोरी कुणाच्या कागदावर

मार्लिस ओयालाने एकदा डूख धरला की तो सुटत नाही, हे साल्मन पॉइंटमध्ये शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. चर्चच्या विक्रीसाठी तिने केलेल्या पॅस्टीत गाजर आहे, असं एका बाईने अकरा वर्षांपूर्वी चारचौघांत म्हटलं होतं. पॅस्टीत, म्हणजे भट्टीत भाजलेल्या त्या मोठ्या तिखटमिठाच्या करंजीत, मांस, बटाटा, कांदा आणि सलगम जातो; गाजर घालणाऱ्या बाईला आमच्याकडे स्वयंपाक येत नाही असंच धरतात. मुळात ते गाजर नव्हतंच, पिवळ्या सलगमाचा तुकडा होता. ती बाई नंतर दोनदा माफी मागून गेली, तिच्या नवऱ्याच्या मयताला मार्लिस स्वतः केक घेऊन गेली, पण चर्चमध्ये ती बाई ज्या बाकावर बसते त्या बाकावर मार्लिस आजही बसत नाही.

अशा बाईला सोडून जाताना डॅरल नीमीने जरा आगापिछा बघायला हवा होता. चौदा वर्षांच्या संसारात एवढी ओळख पटायला हरकत नव्हती. डॅरल लाकडाच्या वखारीत कामाला. माणूस तसा वाईट नाही, पण जिथे ऊब मिळेल तिथे टेकणारा. चार वर्षांपूर्वी त्याला ती ऊब कोरीनकडे मिळाली. कोरीन जानेवारी ते एप्रिल लोकांचे कराचे फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात बसते आणि उरलेलं वर्ष, त्या चार महिन्यांत कुणाचं काय कळलं ते गावाला सांगते. डॅरल कपड्यांच्या दोन पिशव्या आणि मासेमारीचं सामान घेऊन लेक रोडवरच्या तिच्या घरी राहायला गेला. जज्जबाईंनी निकाल दिला की दोन्ही मुली मार्लिसकडे राहतील. एकाआड एक शनिवार-रविवार आणि अर्धी उन्हाळ्याची सुट्टी बापाकडे. थोरली कायसा तेव्हा अकरा वर्षांची होती, धाकटी लिनेया चार.

मार्लिस काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्ते खात्यात ट्रक चालवते. उन्हाळ्यात खडी आणि डांबर, हिवाळ्यात बर्फ. गॅरेजमध्ये तेवीस पुरुष आणि ती एकटी बाई. बर्फ पडायला लागला की पहाटे दोनला फोन येतो आणि साडेतीनच्या आत ट्रक रस्त्यावर लागतो, कारण शाळेच्या बस निघायच्या आधी रस्ते मोकळे व्हायला हवेत. गॅरेजचा मुकादम आर्विड याने तिला जी फेरी दिली होती तीत लेक रोड येत होता. घटस्फोटानंतर तिला अवघड वाटेल म्हणून तो बिचारा फेरी बदलून द्यायला निघाला. मार्लिस म्हणाली, राहू दे, मला त्या रस्त्याची सवय आहे.

बर्फ लोटणारा ट्रक गेला की प्रत्येकाच्या दारातल्या वाटेच्या तोंडाशी बर्फाचा बांध पडतो. त्याला इलाज नाही, आणि गावात कुणी त्याची तक्रारही करत नाही. पण बांध किती पडावा हे थोडंफार चालवणाऱ्याच्या हातात असतं. घराच्या थोडं आधी वेग कमी करायचा, ट्रकच्या तोंडाशी लावलेल्या लोखंडी फाळापुढे बर्फ साचू द्यायचा, आणि नेमकं वाटेच्या तोंडाशी फाळ तिरका करून सगळा भार तिथे सोडायचा. असं चुकून होऊ नये म्हणून आर्विड नव्या लोकांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो. मार्लिसने तो धडा उलटा गिरवला. सहा सेकंदांचं काम होतं. फेरी संपवून घरी येऊन ती कॉफी पीत बसे, तेव्हा डॅरल फावडं घेऊन कण्हत असेल या विचाराने तिला खरोखर बरं वाटे. चार हिवाळे तिने एकदाही चुकवलं नाही.

आता प्रश्न असा की ती ट्रकवर असताना पोरी कुठे? दोन लहान मुलींना घरात एकटं टाकून पहाटे दोनला निघता येत नाही. म्हणून पहिल्याच हिवाळ्यात तिने आणि डॅरलने आपसात ठरवलं होतं की ज्या रात्री बर्फाचा अंदाज असेल त्या रात्री पोरी लेक रोडला झोपतील. शाळेची बस तिथूनही जाते. संध्याकाळी सातला ती दोघींना उशांसकट सोडून येई, दुपारी शाळेतून त्या तिच्याच घरी येत. घटस्फोटानंतर दोघांमध्ये धड चालणारी ही एवढीच गोष्ट होती. त्यामुळे ती कुठे लिहून ठेवायची दोघांनाही गरज वाटली नाही.

मग यंदाचा फेब्रुवारी आला. दर शनिवारी गावच्या ग्रंथालयात निवृत्त शिक्षिका मिसेस सिक्किला लोकांचे कराचे फॉर्म फुकट भरून देतात. कोरीनच्या दुकानात पाय ठेवण्यापेक्षा तुरुंगात जाईन, असं मार्लिस म्हणत असे, त्यामुळे ती दरवर्षी तिथेच जायची. फॉर्म भरून झाला, मिसेस सिक्किलांनी संगणकाचं बटण दाबलं, आणि थोड्याच वेळात तो परत आला. या दोन मुलींची नावं दुसऱ्या कुणीतरी आपल्या फॉर्मवर आधीच लावलेली आहेत, असं त्यावर लिहिलं होतं. मूल एकाच्याच फॉर्मवर लावता येतं, आणि ज्याच्या फॉर्मवर ते असेल त्याला सरकारकडून कराचे पैसे परत मिळतात. मिसेस सिक्किलांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मार्लिसला वाचावं लागलं नाही.

तिने पार्किंगमध्ये उभं राहूनच डॅरलला फोन लावला. तो गडबडला नाही, म्हणजे कोरीनने त्याची तयारी करून घेतली होती.

"हे बघ मार्लिस, कर खातं रात्री मोजतं," तो म्हणाला. "पोरं ज्याच्याकडे जास्त रात्री झोपली, त्याच्या कागदावर. मी नाही केला कायदा. गेल्या वर्षी त्या माझ्याकडे एकशे अठ्ठ्याऐंशी रात्री झोपल्या आणि तुझ्याकडे एकशे सत्त्याहत्तर."

"तुझ्याकडे का झोपल्या?"

"ते फॉर्मवर विचारत नाहीत."

कोर्टाच्या निकालाचं काय, असं तिने विचारलं. डॅरल म्हणाला की कर खातं कोर्टाचा कागद बघत नाही. आणि ते खरं होतं. मिसेस सिक्किलांनीही मान खाली घालून तेच सांगितलं.

पैशाचं म्हणाल तर पैसा कुणाला नको असतो? पण मार्लिसच्या जिव्हारी लागलं ते वेगळंच होतं. सरकारच्या दप्तरी आता ती अशी बाई झाली होती, जिच्याजवळ तिच्या पोरी राहत नाहीत. गावातल्या सगळ्यांची पोरं शाळेत वेळेवर पोचावीत म्हणून ती रात्रभर ट्रकवर बसत होती, आणि बर्फाच्या त्याच अठ्ठ्याऐंशी रात्री वेचून त्या दोघांनी तिच्यावरच उलटवल्या होत्या. तिच्या मेहरबानीने तिच्याच घरात चोरी झाली होती, आणि चोर म्हणत होता की दार उघडं होतं. तिला त्या दोघांचा इतका संताप आला की त्या शनिवारी ती जेवलीच नाही.

त्यात गोठलेल्या तळ्यावर डॅरलची नवी झोपडी दिसू लागली. बर्फाला भोक पाडून आत बसून मासे धरायची ती लाकडी झोपडी, हिरवा रंग दिलेली, आत शेगडी, आणि दारावर कोरीनचं नाव. पोरींच्या नावावर जे पैसे परत आले त्यातून ती घेतली, हे गॅरेजमधल्या तिघांनी तिला स्वतंत्रपणे येऊन सांगितलं; आमच्याकडे अशी बातमी कुणी एकट्याने पोटात ठेवत नाही. त्या हिवाळ्यातला सगळ्यात मोठा बांध त्याच आठवड्यात लेक रोडवर पडला. फाळ तिरका करताना ती मोठ्याने डॅरलचं नाव घेऊन शिवी देत होती, हे तिने स्वतःच नंतर सांगितलं.

मिसेस सिक्किला स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. छत्तीस वर्षं त्यांनी गावातल्या पोरांना वाचायला शिकवलं होतं, त्यात डॅरलही होता, आणि आपल्या हाताखालून गेलेल्या पोराने नियम अर्धाच वाचावा हे त्यांना खपलं नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी कर खात्याचं जाडजूड पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं होतं आणि एका ओळीखाली पट्टी धरली होती.

"वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्याने वाच."

मार्लिसने वाचलं. आई किंवा बाप कामासाठी रात्री बाहेर असेल आणि त्यामुळे मूल दुसरीकडे झोपत असेल, तर रात्री मोजायच्या नाहीत, दिवस मोजायचे. आणि शाळेच्या दिवशी मूल कुठे राहतं ते शाळेच्या पटावरच्या पत्त्यावरून धरायचं. शाळेच्या पटावर मार्लिसचा पत्ता होता. तिने ते दुसऱ्यांदा वाचलं आणि हसायला लागली. ते हसणं ऐकून पलीकडे मासिकं चाळणारा म्हातारा उठून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

"त्यांना परत करावं लागेल?" तिने विचारलं.

"परत तर करावंच लागेल. वर दंडही बसू शकतो."

"आणि हा फॉर्म कोरीनने भरला हे तिच्या दुकानात कळेल?"

मिसेस सिक्किला म्हणाल्या की ते पुस्तकात नाही. पण त्या थोड्या हसल्या, हे मार्लिसने पाहिलं.

मार्चमध्ये तिने आपला फॉर्म टपालाने पाठवला आणि मग पुरावे गोळा करायला लागली. आर्विडकडून वर्षभराच्या कामाच्या पाळ्यांची यादी घेतली, शाळेकडून पत्र घेतलं. सगळं एका निळ्या फाइलमध्ये लावून ती फाइल तिने स्वयंपाकघरात फ्रीजवर ठेवली, आणि भांडी घासताना अधूनमधून तिच्याकडे बघत असे. डॅरलला पत्र येईल, तो ते कोरीनला वाचायला देईल, कोरीनचा चेहरा उतरेल, झोपडी विकायला निघेल, हे सगळं तिने इतक्यांदा मनाशी रंगवलं की उन्हाळा कधी गेला ते तिला कळलं नाही. कायसा त्या उन्हाळ्यात जरा गप्प गप्प झाली होती. पंधराव्या वर्षी पोरी तशाच होतात, असं मार्लिसने धरलं.

ऑगस्टमध्ये कर खात्याचं पत्र आलं. डॅरलने कळवलं होतं की कोर्टाने ठरवलेले दिवस आणि बर्फाच्या रात्री सोडून एरवीही पोरी त्याच्याकडे झोपत असत. तेव्हा कोणत्या रात्री मुली बापाकडे होत्या याच्या तारखा त्याच वेळी लिहून ठेवलेल्या असतील तर पाठवाव्यात, असं खात्याने विचारलं होतं. मार्लिस टेबलाशी बसून डोकं धरून म्हणाली की हे आता कोण लिहून ठेवतं.

लिनेया समोर टोस्ट खात होती. "कायसाने लिहिलंय की," ती म्हणाली. "वहीत. सगळ्या रात्री."

कायसाने तिच्याकडे असं बघितलं की लिनेयाने टोस्ट खाली ठेवला. मार्लिसला मात्र आनंद मावेना. केवढी हुशार माझी पोर, आईसाठी आधीपासून पुरावा जमवून ठेवलान, असं ती म्हणाली आणि हात पुढे केला. कायसा उठली, खोलीत गेली आणि एक साधी शाळेची वही घेऊन आली. ती लगेच देईना.

"सगळी वाच," ती म्हणाली. "तुला हवं तेवढंच घेऊ नको."

मग ती लिनेयाला घेऊन तळ्यावर पोहायला गेली.

वहीत चार रकाने होते, पट्टीने आखलेले. पहिल्यात तारीख. दुसऱ्यात एक वेळ. तिसऱ्यात उंची. चौथ्यात चारदोन शब्द. मार्लिसने पहिलं पान वाचलं आणि क्षणभर तिला अर्थच लागला नाही.

"८ जानेवारी. ३.५०. गुडघ्यापर्यंत. पन्नास मिनिटं, बस मिळाली."

"९ जानेवारी. ३.४०. मांडीपर्यंत. लवकर गेली म्हणून खाली गोठला होता. बस चुकली. कोरीनने सोडलं, वाटेत बोलली नाही."

"१४ जानेवारी. ४.१५. गुडघ्यापर्यंत. शेजारच्यांकडे घोट्यापर्यंत."

ती शेजारच्यांची ओळ मार्लिसने तीनदा वाचली. पोरगी दोन्ही बांध मोजून आली होती. अंधारात, शाळेत जायच्या आधी, पट्टी नाहीतर फावड्याचा दांडा लावून तिने दोन्ही मोजले होते, आणि फरक लिहून ठेवला होता. म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्या पानापासून तिला माहीत होतं.

गेल्या वर्षाच्या ओळी अठ्ठ्याऐंशी होत्या. आर्विडच्या यादीशी एकेक तारीख जुळत होती. कर खात्याला हवं होतं ते सगळं तिथे होतं, आणि बर्फाच्या रात्रींखेरीज एकही जादा तारीख नव्हती. डॅरल धडधडीत खोटं बोलला होता. मार्लिसचं काम तिथेच संपत होतं. पण वही पुढे चालू होती, यंदाच्या हिवाळ्यात, आणि तिने पान उलटलं. झोपडी तळ्यावर आली त्या आठवड्यातली ओळ अशी होती: "२१ फेब्रुवारी. ३.३५. कमरेच्या वर. दोन तास. लिनेया मदतीला आली आणि रडली. गणिताची परीक्षा बुडली."

गणिताची परीक्षा बुडल्याबद्दल शाळेतून चिठ्ठी आली होती. मार्लिसने तेव्हा कायसाला फैलावर घेतलं होतं, बापाच्या घरी जाऊन आळशी झालीस म्हणून. आणि कायसाने खरं कारण सांगितलं नव्हतं.

लाज वाटली तर माणूस गप्प बसतं. मार्लिसला लाज वाटली, पण तिला ती सोसायची सवय नव्हती, तेव्हा तासाभरात तिने त्या लाजेचा राग करून टाकला. पोर फावडं मारते आणि हा बाप काय करतो, अंथरुणात लोळतो? ती गाडी काढून थेट वखारीपुढच्या पेट्रोल पंपावर गेली. डॅरल तिथे एका हाताने कंबर धरून पेट्रोल भरत होता.

"पोरीच्या हातात फावडं देतोस?" ती म्हणाली. "लाज नाही वाटत?"

डॅरलने नळी जागेवर लावली, झाकण बसवलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "माझी पाठ दोन वर्षांपूर्वी गेली. त्याआधी मीच काढत होतो. तो बर्फ कुठून येतो ते तुला माहितेय, मला माहितेय."

"मग मला सांगायचंस."

"कोरीन तुझ्या साहेबाकडेच जाणार होती. तारखा लिहून काढायला वहीसुद्धा आणली होती तिने. ती वही कायसाने काढून घेतली. म्हणाली, तारखा मी लिहिते, बर्फही मी काढते, पण तक्रार करू नका. मॉमची नोकरी जाईल." तो गाडीत बसला. "कोणाला सांगायचं नाही असं वचन घेतलंय तिने माझ्याकडून. आता मोडलं."

तो गेल्यावरही मार्लिस तिथेच उभी होती. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला तेव्हा ती हलली. नंतर तिने आर्विडला एवढंच सांगितलं की डॅरलला धडा शिकवायला ती चार वर्षं रात्री उठत होती, आणि धडा तिसऱ्याच माणसाने पाठ केला.

इथे दुसरी एखादी बाई थांबली असती. मार्लिस थांबली नाही, आणि ती थांबली असं मी लिहिलं तर गावातलं कुणी माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. डॅरल खोटं बोलला होता, कोरीनने कट केला होता, आणि पोरी तिच्या होत्या. यातलं काहीच त्या वहीने बदललं नव्हतं. शनिवारी ती ग्रंथालयात गेली, झेरॉक्सच्या काचेवर वही उघडून ठेवली आणि तारखांचा रकाना सोडून बाकीचं पान चर्चच्या एका जुन्या पत्रकाने झाकलं. पाच पानं तशी काढून तिने मिसेस सिक्किलांपुढे ठेवली.

"उरलेलं पान कुठाय?" त्यांनी विचारलं.

"ते पोरीचं खासगी आहे."

"अर्धं झाकलेलं पान ते घेणार नाहीत. मी असते तर मीही घेतलं नसतं. दे वही."

मार्लिसने दिली. मिसेस सिक्किलांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं, एकही पान न गाळता. त्याला वीसेक मिनिटं लागली. मार्लिस समोरच्या लहान खुर्चीवर बसून राहिली, चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्याच वर्गात बसायची तशी. वाचून झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

"पोरीचं अक्षर चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पाठवायचं?"

मार्लिसने खिडकीबाहेर बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?"

"मी तुझ्या जागी नाही, मार्लिस. पाठवायचं का, एवढंच विचारतेय."

"पाठवा," मार्लिस म्हणाली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल आला. मार्लिस ओयाला कामानिमित्त रात्री बाहेर असल्याने दिवस मोजण्यात आले. मुली तिच्याकडे राहतात असं धरण्यात येत आहे. डॅरलला पैसे दंडासकट परत करावे लागणार होते. मार्लिसने ते पत्र उभ्याउभ्या दोनदा वाचलं आणि फ्रीजवर मॅग्नेटखाली लावलं. जिंकल्यावर जसं वाटेल असं तिला वाटलं होतं, त्याच्या निम्मं तरी वाटलं, हे कबूल करायला हवं. हिरव्या झोपडीवर विक्रीची पाटी लागल्याचं गॅरेजमध्ये कळलं तेव्हा ती मनापासून हसली. कोरीनला दुकानाने येत्या जानेवारीसाठी बोलावलं नाही, हे ऐकून तर तिने सगळ्यांना डोनट आणले.

डॅरलचा निरोप दोन दिवसांनी आला. कागदावर पोरी तुझ्या आहेत ना, मग बर्फाच्या रात्री त्यांना तूच सांभाळ, मी ठेवणार नाही. तिने उलट निरोप पाठवला की नको ठेवूस. पण साल्मन पॉइंटमध्ये पहाटे दोनला पोरींजवळ येऊन झोपणारं माणूस मिळत नाही. तिने चौघींना विचारलं, त्यातली एक पॅस्टीवाली बाईही होती. तिने पाठीचं दुखणं सांगितलं.

त्या गुरुवारी दुपारी आकाश खाली आलं आणि रेडिओवर रात्रभरात फूटभर बर्फाचा अंदाज दिला. मार्लिस विचार करत बसली होती, तोच कायसा शाळेतून आली, तिने स्वतःची आणि लिनेयाची उशी काढली आणि दाराशी ठेवली. मार्लिसने विचारलं की हे काय. कायसा म्हणाली की तिने डॅडशी बोलून घेतलंय, तो आधी नाही म्हणत होता, मग हो म्हणाला.

"काय सांगितलंस त्याला?"

"जे सांगायचं ते." ती पायात बूट चढवत होती. "किती वाजता जाशील आज आमच्या रस्त्यावरून? गजर लावायचाय."

आमच्या रस्त्यावरून, असं ती म्हणाली. मार्लिसने ते ऐकलं आणि गिळलं.

"गजर नको लावू," ती म्हणाली. "मी नाही टाकणार आता. कधीच नाही. शपथ घेते हवं तर."

कायसाने फ्रीजवरच्या पत्राकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मार्लिसला पुढे काय करायचं ते कळलं असतं.

"तू जिंकलीस ना, मॉम? म्हणजे आता डॅड काहीतरी करेल. मग तू करशील." तिने फोन हातात घेतला आणि गजराचं पान उघडलं. "वेळ सांग."

"पावणेचार," मार्लिस म्हणाली.

कायसाने बर्फ काढायला वेळ राहील असा पाचचा गजर लावला.